ताई, मी मनमाडला जाऊन आले

मृणालताई,

तू गेलीस त्याला आज चोवीस दिवस झाले आणि मला अजून एका जागी बसता येत नाही. ऑफिसात मीटिंग चालू असताना उठून पाणी प्यायला जाते. तहान लागलेली नसते. घरी आई म्हणते, "अगं, जरा टेक की." टेकते, आणि पाच मिनिटांत पुन्हा गॅलरीत. पेपरात तुझ्याबद्दल चार ओळी आल्या होत्या. बंगळूर-पुण्यात मोठ्या पदांवर होत्या, आईच्या आजारपणासाठी नाशिकला परतल्या, अनेकांच्या मार्गदर्शक होत्या. सगळं खरं आहे. पण 'मार्गदर्शक' वाचून तू हसली असतीस. तू कुणाला कधी मार्ग दाखवलास? तू फक्त विचारायचीस, आणि समोरचा माणूस स्वतःच्याच उत्तराने गडबडून जायचा.

मला तुझ्याशी भांडायचं आहे. ते अर्धवट राहिलं म्हणून लिहिते आहे.

आपली ओळख माझ्या फसलेल्या कामातून झाली. अंबडच्या आमच्या छोट्या कंपनीत मी नुकतीच प्रॉडक्ट मॅनेजर झाले होते. हे काम म्हणजे नेमकं काय, ते माझ्या बाबांना मला कधीच धड सांगता आलं नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आयुष्य गेलेला माणूस. "तू बनवत नाहीस, विकत नाहीस, मग करतेस काय?" ते विचारायचे. काय बनवायचं, कुणासाठी बनवायचं आणि काय बनवायचंच नाही, हे ठरवायचं, असं मी सांगायचे. "आणि चुकलं तर?" "तर माझं चुकलं." मग त्यांना पटायचं. "म्हणजे शिफ्ट इनचार्जसारखं."

माझं पहिल्याच सीझनला चुकलं. द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी आम्ही एक ॲप केलं होतं. पॅकिंगच्या बायकांनी प्रत्येक क्रेट भरला की टॅबलेटवर नोंद करायची, इतकं साधं. दोन आठवडे कुणी हात लावला नाही. सुपरवायझर संध्याकाळी आठवेल तसं भरून टाकायचा. बायकांना ट्रेनिंग कमी पडलं, असं माझं ठाम मत होतं. कुणीतरी तुझा नंबर दिला. मी फोनवर पंधरा मिनिटं बोलत राहिले आणि तू एवढंच म्हणालीस, "उद्या सकाळी सातला मोकळी आहेस?"

दिंडोरी रस्त्यावरच्या त्या पॅकहाऊसमध्ये आपण दिवसभर उभ्या होतो. तू फक्त बघत होतीस. थंडीने माझे पाय बधिर झाले होते. दुपारी जेवायच्या सुट्टीत पेठकडच्या हौसाबाईंनी त्यांचा हातमोजा घातलेला हात माझ्यापुढे धरला. "ताई, ह्यो काढला तं मालक वरडतो. नाय काढला तं तुमची काच आयकत नाय. आता सांगा, काय करावं?" बाकीच्या बायका हसल्या. मीही हसले आणि मग मला रडू यायला लागलं.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "स्क्रीन बदलते. मोठी बटणं देते, मोज्यांनी चालतील अशी."

तू समोर बघत विचारलंस, "स्क्रीनच चुकला होता का?"

नाशिक जवळ आलं. मग म्हटलं, "मी आधी इथं यायला हवं होतं."

"चहा घेऊ," तू म्हणालीस. 'अहो मॅडम' म्हणायचं त्या टपरीवरच बंद करायला लावलंस.

पुढच्या शनिवारी तू मला गटात नेलंस. इंदिरानगरच्या वाचनालयाची वरची खोली, घडीच्या खुर्च्या, कुरकुरणारा एक पंखा. दहा-बारा जण. कुणी सातपूरच्या यंत्र कारखान्यातलं, कुणी घरून पुण्याच्या कंपनीचं काम करणारं, कुणी शाळांसाठी सॉफ्टवेअर करणारं. पुण्या-मुंबईत प्रॉडक्ट मॅनेजरला विचारायला शेजारच्या टेबलावर चार जण असतात. आपण सगळे आपापल्या कंपनीतले एकुलते एक होतो. चुकतोय की बरोबर चाललोय, हे बघायला दुसरं कुणी नव्हतं. तू ते ओळखलंस आणि महिन्यातून दोन शनिवार आम्हाला एका खोलीत बसवलंस. एकाने आपलं अडलेलं काम मांडायचं, बाकीच्यांनी अर्धा तास फक्त विचारायचं. सल्ला द्यायचा नाही. मला ते फार जड गेलं. तिसऱ्या शनिवारपर्यंत मी 'तू असं का करत नाहीस' हा सल्लाच प्रश्नचिन्ह लावून देत होते, आणि तू दर वेळी हात वर करून मला थांबवायचीस.

आणि एक नियम होता. इथे बोललेलं इथेच राहील. तो तू दर शनिवारी सुरुवातीला म्हणायचीस, तेच लोक समोर असले तरी.

गटाशिवाय तुझी-माझी महिन्यातून एक सकाळ असायची, गोदाकाठी चालायची. 'कोचिंग' हा शब्द तुला आवडायचा नाही. "नाशकात कोचिंग म्हटलं की लोक बारावीचे मार्क विचारतात," म्हणायचीस. त्या चालण्यातच मी मोठी झाले. कंपनीने मला सगळ्या प्रॉडक्टची प्रमुख हो म्हटलं तेव्हा मी तीनदा नाही म्हणाले होते. चौथ्यांदा तू विचारलंस, "नऊ माणसांचं काम तुझ्याकडे येणार म्हणून घाबरतेस, की त्यांचं काम तुझ्याहून चांगलं होईल म्हणून?" मी चिडले. मग घरी जाऊन हो कळवलं. माझ्या हाताखालच्या मुलींना मी आज जे प्रश्न विचारते, ते बोलताना माझ्या तोंडून तुझा आवाज येतो. याबद्दल मी तुला कधी काही म्हणाले नाही. म्हणायचं होतं.

आता हेमंतबद्दल लिहिते. लिहिताना दोनदा उठून आले.

हेमंत मनमाडचा. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. तो नाशिकमधल्या एका छोट्या कंपनीत दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं ॲप बघायचा. त्या शनिवारी अडलेलं काम मांडायची त्याची पाळी होती. तो कागद उलगडून बसला आणि कागदाकडे न बघता बोलायला लागला. "मी वीस पेशंटशी बोललो असं साहेबांना सांगितलं. मी एकाशीही बोललो नव्हतो. ती वीस संभाषणं मी घरी बसून लिहिली." त्या खोट्या संभाषणांवरून ॲप बदललं आणि वयस्कर माणसांना नंबर लावता येईना. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, पण म्हातारी माणसं सकाळपासून बाकांवर बसून राहायला लागली.

शाळांच्या सॉफ्टवेअरवाल्या फरीदाने हळूच विचारलं, "पहिलं संभाषण लिहिलंस तेव्हा डोळ्यांसमोर कोण होतं?"

"माझी आजी," तो म्हणाला आणि त्याने कागदाची पुन्हा घडी घातली.

शेवटी तू विचारलंस, "सोमवारी काय करणार आहेस?"

सोमवारी त्याने साहेबांना सगळं सांगितलं. त्याचं काम काढून घेतलं, चार महिने दुसऱ्याच्या हाताखाली बसवलं. तेव्हापासून दर गुरुवारी तो दवाखान्याच्या बाकांवर जाऊन बसायला लागला. वर्षभरात आमच्यात सगळ्यात चांगला ऐकणारा तोच झाला. हे मी डोळ्यांनी बघत होते.

दोन वर्षांनी आमच्या कंपनीत वरिष्ठ प्रॉडक्ट मॅनेजरची जागा निघाली. हेमंतने आधी मला फोन केला. "तुला अवघड होणार नसेल तरच अर्ज करतो." मी म्हटलं, "वेडा आहेस का? कर."

मुलाखत घ्यायला आम्ही तिघं होतो. तो फार छान बोलला. तो बाहेर गेल्यावर आमचे डायरेक्टर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "हा दोन वर्षांत हे सगळं एकटा सांभाळेल." आणि मी म्हणाले, "त्याच्याबद्दल तुम्हाला एक गोष्ट माहीत असायला हवी." दोन मिनिटांत सांगून टाकलं. वीस खोटी संभाषणं. सोमवारी तो स्वतःहून साहेबांकडे गेला होता, ते गाळलं. गाळतेय हे मला बोलतानाच कळत होतं.

त्याला 'अनुभव कमी पडतो' असं पत्र गेलं. त्याने मला मेसेज केला: "पुढच्या वेळी. तू समोर होतीस म्हणून धीर आला होता."

हे मी तुला गोदाकाठी चालताना सांगितलं. डायरेक्टर काय म्हणाले तेवढं सोडून. तू थांबलीस. चालताना तू कधी थांबायची नाहीस.

"तू उठून का नाही गेलीस? 'मी याला ओळखते, मी मुलाखतीत बसत नाही' एवढं म्हणायचं होतं."

"आणि उद्या त्याने आमच्याकडे तेच केलं असतं तर? मला माहीत होतं ताई. माहीत नाही असं सोंग करू?"

"तुला ते कुठं कळलं?"

"कुठंही कळू दे! प्रमुख कुणी केलं मला? तूच मागे लागलीस. मग प्रमुखाने करायचं ते केलं तर..."

"मग हेमंतने त्या दिवशी सांगायला नको होतं," तू शांतपणे म्हणालीस. "गप्प बसला असता तर आज तुमच्याकडे असता. हेच शिकवलंस तू गटाला."

"गटाला कुठं कळलंय?"

"तुला कळलंय ना."

मी ओरडलेच. बाजूने चालणारे काका वळून बघायला लागले. "आता काय करू मी? आणि प्रश्न नको विचारूस. एकदा तरी सरळ उत्तर दे!"

"त्याला सांग," तू म्हणालीस.

इतक्या वर्षांत तू मला दिलेलं हे एकच सरळ उत्तर. आणि मी ते सात आठवडे टाळलं. दोन शनिवार गटात आले नाही, ऑडिटची सबब सांगितली. एकदा तू मेसेज केलास, "खुर्च्या मांडायला लवकर येतेस का?" मी नुसता अंगठा टाकला आणि गेले नाही. तुझी पाठ दुखत होती, खुर्च्या तू एकटीने मांडल्यास, हे मला नंतर फरीदाकडून कळलं.

मग तो मंगळवार. सकाळी गटाच्या व्हॉट्सॲपवर तुझ्या भाच्याचा मेसेज आला. हृदयविकाराचा झटका, घरीच, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. मी तो तीनदा वाचला आणि मीटिंगमध्ये जाऊन बसले. वीस मिनिटं बसले. काय चाललं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

अमरधामच्या स्मशानभूमीत हेमंत माझ्याआधी पोचला होता. मला बघून तो जवळ आला आणि माझा हात धरून म्हणाला, "तुझं तर सगळ्यात जास्त होतं तिच्याशी. तू सांभाळ स्वतःला." माझं सांत्वन तो करत होता, ताई. मी मान हलवली. तिथेही बोलले नाही.

त्यानंतर बारा दिवसांनी, रविवारी, मी मनमाडला गेले. त्याला फक्त येते म्हणून कळवलं होतं. त्याच्या आईने पोहे केले होते, वडील तुझ्याबद्दल विचारत होते, वय काय होतं, मुलंबाळं कुणी आहेत का. माझे पोहे तसेच राहिले. शेवटी हेमंतच म्हणाला, "चल, बाहेर जाऊन येऊ." रेल्वेच्या पुलावर उभं राहून मी सगळं सांगितलं. गाळलेलंही सांगितलं. खालून एक मालगाडी जात होती आणि ती संपता संपेना.

त्याने पहिला प्रश्न माझ्याबद्दल विचारलाच नाही. "ताईला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"जाण्याआधी सात आठवडे."

तो पुलाच्या कठड्याला टेकला. "ती मला दर रविवारी फोन करायची. पुण्याच्या एका मुलाखतीची तयारी करून घेत होती. मी तिला तीनदा विचारलं, मी तुमच्या मुलाखतीत कुठं कमी पडलो? दर वेळी म्हणायची, 'तू कमी पडला नाहीस.' मला वाटायचं, समजूत काढतेय." मग त्याचा आवाज चढला. "तिला माहीत होतं आणि तिने मला सांगितलं नाही?"

"तिला सांगता आलं नसतं. मी तिला विश्वासाने..."

"तुझा विश्वास!" तो म्हणाला.

हे आपलं भांडण आहे, ताई. मी तो नियम मोडला आणि माझ्यासाठी तू तो पाळलास. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला सात आठवडे अंधारात ठेवलंस, कारण सांगायचं काम माझं होतं. माझी वाट बघत बसलीस. मला एकदा खडसावून तरी विचारायचंस. दारात येऊन उभी राहायचीस. मी मनमाडहून परत येताना सगळा वेळ तुझ्यावरच चिडत होते, आणि नाशिकरोड आल्यावर लक्षात आलं की सात आठवड्यांत तू हेमंतला दर रविवारी फोन केलास आणि मला एकदाही केला नाहीस. तू आमच्या दोघांत त्याची बाजू घेतली होतीस. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. तरीही तू बरोबर होतीस असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. रोज दोन्ही बाजूंनी वाद घालते. तू मध्ये बोलत नाहीस.

पुलावरून उतरताना हेमंत म्हणाला, "शनिवारी सगळ्यांसमोर सांग. त्यांनीही तिथं काय काय सांगितलंय. त्यांना कळायला हवं की कुणासमोर बोलतोय."

मधल्या आठवड्यात मी डायरेक्टरना जाऊन सांगितलं. काय गाळलं तेही. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "त्याला परत बोलावू या. तू त्यात नसशील. आणि यापुढे कुठल्याच मुलाखतीत नसशील, मी सांगेपर्यंत." मी हेमंतला कळवलं. "आता नको," एवढंच उत्तर आलं.

शनिवारी खुर्च्या मी मांडल्या. अकरा जण आले. नियम म्हणायचा होता, तो मला म्हणवेना. मी थेट बोलायला सुरुवात केली. कुणाचीही नजर चुकवायची नाही असं ठरवलं होतं, तरी अर्धा वेळ मी जमिनीवरच्या फरशीकडे बघून बोलत होते. सांगून झाल्यावर फरीदा उठली. "माझ्या आजारपणाचं मी या खोलीत बोलले होते," ती म्हणाली. "आणि गेल्या महिन्यात तुमच्याच कंपनीला अर्ज पाठवलाय." तिने पर्स घेतली आणि गेली. तिच्यामागून आणखी एक जण गेला. जिन्यावरची पावलं खालपर्यंत ऐकू आली. मी अडवलं नाही. अडवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी तिला दोनदा फोन केलाय, तिने घेतला नाही.

मला वाटलं आता सगळे उठणार. माझ्या मनात तुझा गट तेव्हाच संपला होता, आणि तो मी संपवला होता. हेमंत माझ्या समोर बसला होता. त्याने खुर्ची जराशी पुढे ओढली.

"हे तुझं अडलेलं काम आहे, असं धरून विचारू?"

मी मान हलवली.

"तू त्या दिवशी बोललीस तेव्हा तुला कंपनीची काळजी वाटत होती, की दुसरं काही?"

तुला जे सांगितलं नव्हतं ते मी तिथं सांगितलं, ताई. नऊ माणसांसमोर. डायरेक्टर त्याच्याबद्दल काय म्हणाले होते, आणि ते ऐकून मला काय वाटलं होतं. "मला भीती वाटली," मी म्हटलं. "तू माझ्यापेक्षा चांगला आहेस. सगळ्यांना ते दिसलं. मलाही."

हेमंतचे डोळे भरले होते, पण त्याने मला बरं वाटेल असं काहीही म्हटलं नाही, माफही केलं नाही. तो बाकीच्यांकडे वळला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "आता कोण विचारतंय?"